माझ्या हातातला आवाज

माझ्याजवळ एकच शब्द उरला आहे आणि तोही नेमका ‘हव’. इथे छत्तीसगडात ‘हो’ म्हणायचं तर हव म्हणतात. आमचं मूळ विदर्भातलं, पण संसार सगळा रायपुरात झाला, त्यामुळे हा शब्द जिभेवर कधी येऊन बसला ते कळलंच नाही. मागच्या दिवाळीनंतर डोक्यात रक्ताची गाठ अडकली, उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि सगळं धुऊन निघाल्यावर तळाशी हा एवढा चिकटून राहिला. चहा हवा का? हव. नको का? हव. थंडी वाजते का, उकडतं का, तू रायपूरची महापौर आहेस का? हव, हव, हव. जिने उभ्या आयुष्यात कुणाला सहजासहजी हो म्हटलं नाही, तिच्या तोंडी देवाने हाच शब्द ठेवावा, म्हणजे कमालच झाली. मान तरी हलवावी, तर मान जिभेची सख्खी बहीण. नाही म्हणायला जावं तर होकाराची डुलते. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या. डॉक्टर म्हणाले, यांना कळतं सगळं, सांगता येत नाही. मी शाळेत गणित शिकवायची. समोरच्या पोराची चूक दिसत असताना गप्प बसणं मला कधी जमलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असा आमच्या घरचा जुना नेम. पण मनात कोण ऐकतंय? आजारी पडल्यापासून मनात मी त्याला सरळ एकेरी गंगाधर म्हणते. तेवढंच एक सुख या आजारपणात माझ्या वाट्याला आलं आहे.

गंगाधर रेल्वेत सिग्नल-टेलिफोनच्या खात्यात होता. निवृत्त झाला तरी हातातला स्क्रू ड्रायव्हर काही निवृत्त झाला नाही. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या या दोन खोल्यांत माणसं दोन आणि अॅम्प्लिफायर पाच. त्यातला सगळ्यात आवडता, लाकडी पेटीतला, माझ्या खाटेसमोरच्या फळीवर. त्याला एक जुना रेडिओ जोडलेला. आवाज कमी करा, आवाज कमी करा, असं सांगण्यात माझा संसार गेला, आणि आता सांगायची सोय नाही म्हटल्यावर त्याने सकाळी रेडिओ लावावा नि निघून जावं भाजी आणायला.

एकदा असाच गेला. भजनं संपली आणि कसलीशी जाहिरात लागली. ती भजनाच्या दुप्पट आवाजात. पाठोपाठ ढोल. मी पडलेली, भिंती थरथरताहेत, कानावर ठेवायला हात एकच. तो परत आला तेव्हा माझं तोंड रडून भिजलेलं होतं. त्याने पिशवी खाली ठेवली, रेडिओ बंद केला आणि माझ्या पायाशी येऊन बसला.

“मंदा,” तो म्हणाला, “तुयाच हातात देतो आवाज. पाहात राह्य.”

मग त्याने अॅम्प्लिफायर उघडला. आवाजाचं बटन काढून त्या जागी दुसरं बसवलं, ज्याच्या मागे इवलीशी मोटर असते. दर्शनी भागाला भोक पाडून तीन पायांचा एक काळा मणी बसवला. तो म्हणे रिमोटचा उजेड ओळखतो. रिमोट घेतला जुन्या सेट-टॉप बॉक्सचा. त्यातली आवाज वाढवायची नि कमी करायची एवढी दोनच बटनं कामाची ठेवली, बाकीच्यांवर चिकटपट्टी. मोबाइलचा कॅमेरा लावून त्याने मला रिमोटच्या टोकाचा जांभळट उजेड दाखवला. “डोयाले दिसत नाही, पण हाये,” म्हणाला. शाळकरी पोरासारखा खूश झाला होता.

पहिल्यांदा मी डाव्या अंगठ्याने बटन दाबलं आणि समोर फळीवरचं गोल बटन आपणहून फिरायला लागलं, सावकाश, कुणी अदृश्य माणूस फिरवतो आहे तसं. आवाज खाली आला. मला हुंदका फुटला. आजारपणानंतर माझं म्हणणं पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं.

“आणि हे पाह्य,” गंगाधर सांगत होता, “बाजारचे रिमोटवाले लाइट गेली की सारं विसरून जातात. हे नाही विसरत. मोटरने बटन जिथं नेलं, तिथंच राह्यते. लाइट येवो की जावो.”

मला सांभाळायला सकाळी विमला यायची, छत्तीसगढी बाई, कामाला वाघीण आणि भुताला भित्री. तिने बटन फिरताना पाहिलं आणि हातातला पाण्याचा तांब्या सोडला. “दाई! ए बटन ह अपने-अपन घूमत हे!” रिमोट माझ्या चादरीखाली होता, तिला कुठून दिसणार? गंगाधरने समजावल्यावर तिने रिमोट हातात घेऊन पाहिला, कपाळाला लावला आणि खाली पडून फुटू नये म्हणून परकराच्या नाडीने माझ्या खाटेच्या दांडीला बांधून टाकला. तरी त्या फळीवरची धूळ मात्र ती पुढे कधी पुसायची नाही.

इथवर सगळं बरं होतं. मग एक दिवस मला गंगाधरची चप्पल दिसली.

तो चहा घेऊन आला, कप माझ्याजवळ ठेवला, वळला आणि गेला. उजव्या पायातली चप्पल खाटेशीच राहिली. त्याला पत्ता नाही. दारापर्यंत एका पायाने अनवाणी गेला, मग खाली पाहिलं, हसला, परत येऊन पाय सरकवला. कुणाला यात काय दिसेल? मला दिसलं. दिवाळीच्या आधी माझ्याही उजव्या पायातली चप्पल अशीच सुटायची. पुरानी बस्तीत देवीच्या दर्शनाला गेले होते तेव्हा दोनदा सुटली. मी चांभाराला शिव्या दिल्या, नवी चप्पल घेतली, तीही सुटली. मग एका सकाळी पायच सुटला.

त्या दिवसापासून मी त्याच्या पायाकडे बघत राहिले. चप्पल पुन्हा सुटली. मग एकदा चहा पिताना त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा ओघळला आणि त्याने तो पुसलाच नाही, कारण त्याला कळलंच नाही. एकदा तारेला डाग देताना कथलाचा थेंब जागेवर पडेना. ज्याचा हात कधी केसभर चुकला नाही, तो तीनदा चुकला आणि वैतागून म्हणाला, “चष्मा बदलाव लागते.”

चष्मा नाही रे बाबा! डॉक्टरकडे जा! आज जा, आत्ता जा!

“हव,” मी म्हटलं.

“हव ना? बदलवतो मग,” तो म्हणाला.

मी बोट त्याच्या पायाकडे केलं. त्याला वाटलं, माझे पाय उघडे पडलेत. त्याने चादर ओढली. मी पुन्हा बोट केलं. त्याला वाटलं पाय दुखतात. विमलाला सांगून त्याने माझ्या पायांना रोज तेल लावायला सुरुवात केली. माझे पाय असे गुळगुळीत झाले की लग्नातही नव्हते. आणि मी तेल लावून घेत पडल्या पडल्या त्याची चप्पल बघत होते.

आमची मुलगी क्षमा नव्या रायपुरात राहते, तिथेच एका कचेरीत नोकरीला आहे. रविवारी येते, एरवी संध्याकाळी फोनवर तोंड दाखवते. तिच्यावर माझी मदार होती. फोन गंगाधरच्या हातात, कॅमेरा माझ्या तोंडासमोर. मी हात लांब करून फोन खाली, त्याच्या पायाकडे वळवायला गेले.

“आई, क्या हुआ? फोन हवा का तुला?”

“हव.” हात पुन्हा पायाकडे.

“बाबा, उसके पैर में दर्द है शायद.”

“हाव, तेल लावून राहिलो ना रोज.”

“और आप ठीक हो ना, बाबा?”

“मले काय होते?”

आणि माझ्या तोंडून, जीव तोडून, “हव! हव! हव!” क्षमा हसली. म्हणाली, आई आज मूडमध्ये आहे. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. माझ्या भीतीला लोक माझा आनंद समजत होते.

मग मला रिमोट आठवला. माझ्याकडे आवाज होता की! चप्पल सुटली रे सुटली की मी रेडिओचा आवाज एकदम वर न्यायचा, मग एकदम खाली, पुन्हा वर. एरवी मी असं करत नसे. कधीतरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल, तो माझ्याकडे बघेल आणि मी पायाकडे बोट करीन, असा माझा हिशेब. शिक्षिकेचा हिशेब, तो बरोबरच होता. चुकली ती एकच गोष्ट. आवाज वरखाली झाला की गंगाधर माझ्याकडे बघायचाच नाही. तो अॅम्प्लिफायरकडे बघायचा.

“कुठून तरी गडबड येऊन राहिली,” तो पुटपुटायचा. मणी तपासायचा, तारा हलवून बघायचा. एकदा मात्र वळून विचारलं, “मंदा, तू करून राहिली का हे?”

“हव!” मी इतक्या जोरात म्हटलं की घसा दुखला.

तो हसला आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. हव म्हणणारच ना मी. मी महापौरही होते ना.

दोन दिवस विचार करून त्याने निदान काढलं: ऊन. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन त्या काळ्या मण्यावर पडतं, त्या उन्हात म्हणे रिमोटसारखाच न दिसणारा उजेड असतो, मणी भांबावतो आणि मोटर फिरते. सिग्नल खात्यातला माणूस. बिघाड यंत्रात शोधायचा हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने खिडकीला जाड पडदा लावला. मण्यावर काळी टेप चिकटवली आणि तिला मधोमध एक बारीक चीर ठेवली, रिमोट अगदी नाकासमोर धरला तरच उजेड आत जाईल अशी. “तात्पुरतं हाये,” तो म्हणाला. “जाळीच्या डबीतला पक्का सेन्सर बनवतो तुयासाठी.” म्हणजे मी ओरडत होते, आणि त्याने मोठ्या प्रेमाने माझ्या तोंडावर पट्टी बांधली.

आता शेजारचा निरंजन. भिंतीला भिंत लागून त्याची खोली. लोखंडाच्या कारखान्यात त्याची रात्रपाळी, दुपारी झोपायचा. आवाज जरा चढला की तो दार बडवायला हजर. एकदा तर बाहेरच्या बोळात जे मीटर आहे, तिथला आमचा मेन स्विच त्याने खाली पाडला होता. तेव्हापासून गंगाधर दुपारी रेडिओ अगदी हळू ठेवायचा आणि निरंजन आलाच तर दारात जाऊन हात जोडायचा. त्या माणसाचा मला मनस्वी राग होता. आजारी घराची वीज तोडतो मेला!

ती दुपार मे महिन्यातली. विमला जेवण भरवून गेलेली. बाहेर झळा, म्हणून दाराला आतून कडी, खिडकीला पडदा, खोलीत कूलरची घरघर. रेडिओवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम, कुजबुजीएवढा. गंगाधर कोपऱ्यातल्या टेबलाशी स्टुलावर बसून माझा नवा सेन्सर जोडत होता. त्याची पाठ मला दिसत होती. दोन्ही चपला पायाबाहेर होत्या.

सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातातून टेबलावरच्या वर्तमानपत्रावर पडलं. तो ते उचलायला गेला. हात उठलाच नाही. तो हाताकडे बघत राहिला, दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा. मग माझ्याकडे वळला. उजवा गाल खाली लोंबलेला. तोंड उघडलं, पण आवाज आला तो शब्दांचा नव्हता. आणि स्टुलावरून तो उजव्या अंगावर खाली गेला.

मी ओरडले. काय ओरडले ते सांगायला नको.

तो हलत नव्हता. श्वास मात्र ऐकू येत होता, जाडाभरडा, घोरल्यासारखा. टेबलावर वर्तमानपत्र तपकिरी होऊन धुराची बारीक दोरी वर चढायला लागली. फोन टेबलावर. दाराला कडी. विमला उद्या सकाळी येणार, क्षमाचा फोन संध्याकाळी. मला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर क्षमाला म्हणाले होते, जरा लवकर आणलं असतं तर हात वाचला असता. ते मी स्ट्रेचरवर ऐकलं होतं. इथे कुणी आलंच नाही तर? हा माझ्यासमोर असा घोरत घोरत थंड होत जाणार आणि मी बघत राहणार? भीतीने माझे दात वाजायला लागले. खरोखर वाजत होते, मे महिन्यात.

मग मला निरंजन आठवला. ज्याला मी सकाळ-संध्याकाळ शिव्या घालत होते, तो. आवाज चढला की तो येतो. येतोच!

रिमोट उचलला तर हातातून सुटून खाटेखाली गेला. क्षणभर सगळं संपलं असं वाटलं. मग नाडी आठवली. विमलाची नाडी बोटांत पकडून ओढत ओढत रिमोट वर आणला, फळीकडे धरला आणि दाबला. काही नाही. टेप! ती चीर! मी हात उशीवर टेकवला, एक डोळा मिटला, सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरला आणि रिमोट त्या चिरेच्या समोर आणला. दाबला. बटन हललं. फिरायला लागलं, सावकाश, माझा जीव जातोय आणि ते आपलं मजेत. मग रेडिओतला माणूस गरजला: शेतकरी भावांनो, धानाचं बियाणं पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाका, पोकळ दाणे वर तरंगतील! भिंती हादरल्या. फळीवरचा पेला सरकत सरकत जाऊन खाली फुटला. मी अंगठा काढला नाही.

आला. शिव्या घालतच आला. दारावर दणादण मुठी. “अंकल! क्या तमाशा है! आदमी सोएगा कि नहीं!” माझ्या आयुष्यात कुठल्याही पाहुण्याच्या येण्याने मला एवढा आनंद झाला नव्हता. आता दार तोडेल, मला वाटलं. पण तो काही दार तोडायला आला नव्हता. पावलं बोळाकडे गेली, मीटरवर खट्ट वाजलं, आणि रेडिओ, कूलर, पंखा, सगळं गप्प.

त्या शांततेत फक्त गंगाधरचं घोरणं.

“अब सोने दोगे ना शांति से?” बाहेरून त्याने विचारलं.

आणि मी मूर्ख, वाचवा म्हणून जीव खाऊन ओरडले, “हव!”

“हां, तो फिर,” तो म्हणाला आणि गेला. त्याच्या दाराचा आवाज आला.

एवढी भीती मला माझ्या स्वतःच्या वेळीही वाटली नव्हती. स्वतःचं होताना माणसाला कळत नाही. दुसऱ्याचं होताना सगळं दिसतं. मी रिमोट दाबत राहिले, वीज नसताना. एक बरं झालं, सोल्डरिंग आयर्न थंड पडलं आणि धूर विरला. पण खोली तापायला लागली. गंगाधरचं घोरणं मध्ये थांबायचं आणि माझं काळीज त्याच्यासोबत थांबायचं. पुन्हा सुरू व्हायचं. गंगाधर, मी म्हणत होते मनात, गंगाधर, थांब रे, जाऊ नको, तुझ्याशिवाय मला कुणी वळवायचं, कुणी चहा द्यायचा, मी नावाने हाक मारते बघ, थांब. तोंडातून येत होतं हव, हव, हव.

भिंतीपलीकडे बाईचा आवाज चढला. निरंजनची बायको, दीपमाला. शब्द तुटक तुटक येत होते. “...बीमार आंटी लेटी है... कूलर बंद कर दिए... इतनी गरमी में मर जाएगी तो?” निरंजन काहीतरी पुटपुटला. ती आणखी चढली. ज्या घरात बायको बोलते म्हणून नवरा उठतो, ते घर सुखी असो. पावलं पुन्हा बोळाकडे. खट्ट.

लाइट येवो की जावो, बटन जिथं नेलं तिथंच राह्यते. रेडिओतला माणूस जिथल्या तिथून गरजला.

“अरे!” निरंजन बाहेर किंचाळला. धावत येऊन दारावर मुठी मारायला लागला. आता पुन्हा मेन पाडणार! पुन्हा पाडला तर दीपमालाही काही म्हणणार नाही. विचार कर, मंदाकिनी, मी स्वतःला म्हटलं. वर्गात म्हणायचे तसं. हा नुसत्या आवाजाने चिडतो. आवाजात माणूस आहे हे याला कळलं पाहिजे.

त्याची मूठ दारावर पडली, मी आवाज खाली घ्यायला लागले. अगदी शून्यावर आणला. तो थांबला. बाहेर शांतता.

“हां,” तो म्हणाला. “ऐसे ही रखो.” आणि दोन पावलं गेला.

मी आवाज वर नेला. तो परतला, दार वाजवलं. मी खाली आणला. तो थांबला. मी वर नेला. अंगठा बधिर झाला होता, रिमोट घामाने निसटत होता, चिरेवरून नेम सुटत होता आणि मी पुन्हा धरत होते. टेबलावर कागदाचा धूर पुन्हा सुरू झाला होता. बाहेर त्याच्या शिव्या थांबल्या होत्या.

“अंकल?” त्याचा आवाज बदलला. “अंकल, आप दरवाजे पे काहे नहीं आ रहे?”

खरंच की. गंगाधर तर पहिल्या थापेला हात जोडून दारात उभा असायचा.

मी आवाज चढवला, लगेच उतरवला.

“आंटी? आप कर रही हैं क्या?”

रिमोट टाकून दिला मी. रेडिओ गप्प होता, घसा फाटलेला होता. “हव,” मी म्हटलं. “हव.”

मग खिडकीची जाळी फाटल्याचा आवाज आला, एक हात आत आला आणि त्याने गंगाधरचा जाड पडदा ओढून पाडला. उन्हाचा लोट आत आला. जाळीपलीकडे निरंजनचं झोपाळलेलं, दाढी वाढलेलं तोंड. त्याने मला पाहिलं, मग खाली पाहिलं. “दीपा! जल्दी आ! अंकल गिर गए हैं!” आणि पुढच्या दणक्यांत आमच्या दाराची कडी उखडली.

दीपमालाने सोल्डरिंग आयर्नची पिन ओढली आणि जळका कागद पायाखाली विझवला. निरंजनने गंगाधरला खांद्यावर घेतलं, जसं कारखान्यात पोतं घेत असेल. जाताना तो दारात अडखळला, माझ्याकडे बघितलं आणि गेला.

गंगाधर वाचला. वेळेत पोचला, असं डॉक्टर म्हणाले. वाचा राहिली, जराशी जड. उजव्या हातात जोर कमी आहे, पण कप धरता येतो. क्षमा रजा टाकून आली आहे, आम्हा दोघांवर ओरडत असते. माझ्याशेजारी दुसरी खाट पडली आहे. विमला आता दोघांच्या पायांना तेल लावते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तो छताकडे बघत पडला होता. निरंजनने त्याला सगळं सांगितलं होतं, आवाज कसा चढत होता, कसा उतरत होता. मग त्याने मान माझ्याकडे वळवली.

“मंदा. ते पह्यले जे बटन फिरे, वर-खाली. ऊन नव्हतं ना ते?”

मी त्याच्याकडे बघितलं.

“तुले माह्यीत होतं. माया पायाचं. तू मलेच सांगून राह्यली होती.”

“हव,” मी म्हटलं.

तो हसला नाही. केसांवरून हात फिरवला नाही. उठला, भिंतीला धरत फळीपाशी गेला आणि चांगल्या हाताच्या नखाने त्या मण्यावरची काळी टेप काढायला लागला. चिवट होती, निघता निघेना. मी काही घाई केली नाही. सगळी निघाल्यावर तो तिथेच उभा राहिला, अॅम्प्लिफायरकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून.

“बोल आता,” म्हणाला.